ऑफिसचं काम आणि घरी गाणी ऐकणं: दोन्हींसाठी एकच लॅपटॉप कसा निवडावा?

काही वर्षांपूर्वी मी लॅपटॉप घेतला तेव्हा माझ्या अपेक्षा दोनच होत्या. दिवसा ऑफिसचं काम बिनबोभाट व्हावं आणि संध्याकाळी घरी गाणी चांगली ऐकू यावीत. दुकानात एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप समोर होते. एकावर ऑडिओचं चकचकीत स्टिकर होतं आणि त्याची किंमत आठ हजारांनी जास्त होती. विक्रेत्याने त्यावर एक सिनेमातलं गाणं मोठ्या आवाजात लावलं, आवाज दणदणीत वाटला, आणि मी तोच उचलला.

रात्री घरी बाबांसाठी एक विलंबित ख्याल लावला. पाच मिनिटं ऐकून ते म्हणाले, "तबला ऐकू येतोय, पण डग्गा कुठे गेला?" तंबोऱ्याचीही नुसती झिणझिण येत होती, आणि मधूनच फॅन सुरू झाला की तीही बुडत होती. आठ हजार रुपये कशासाठी दिले, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तुमचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून हा लेख. त्याचं सार आधीच सांगतो: लॅपटॉप कामासाठी निवडा, आवाजासाठीचे पैसे बाजूला काढा. गाण्यांच्या बाबतीत लॅपटॉपकडून तीनच गोष्टी हव्या असतात: त्याने शांत राहावं, आवाज स्वच्छ बाहेर द्यावा आणि त्यासाठी योग्य पोर्ट असावेत. हे कसं तपासायचं ते आता क्रमाने पाहू.

लॅपटॉपच्या स्पीकरमधून डग्गा का ऐकू येत नाही?

आवाज म्हणजे हवेची कंपनं. खालचे, जाड सूर निर्माण करायचे तर स्पीकरच्या पडद्याला भरपूर हवा ढकलावी लागते. त्यासाठी पडदा मोठा हवा आणि त्याला पुढे-मागे हलायला जागा हवी. लॅपटॉपच्या जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर जाडीच्या अंगात या दोन्ही गोष्टी बसत नाहीत. म्हणून साध्या लॅपटॉपच्या स्पीकरचा आवाज साधारण २०० हर्ट्झच्या खाली झपाट्याने उतरत जातो.

आता आपल्या गाण्यांचं गणित बघा. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर त्याचा मध्य षड्ज येतो सुमारे १३८ हर्ट्झला. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झला. डग्ग्याचा घुमाराही याच खालच्या भागात असतो. म्हणजे ज्या आवाजामुळे मैफल भरल्यासारखी वाटते, नेमका तोच लॅपटॉपमधून गळतो.

मग सूर ओळखू कसा येतो? कारण प्रत्येक सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे स्वरही वाजत असतात. ते ऐकू आले की आपला मेंदू मूळ सूर मनाने भरून काढतो. त्यामुळे गाणं कळतं, पण त्याचं वजन जाणवत नाही.

याला अपवाद आहेत. १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये सहा स्पीकर दिलेले आहेत आणि त्याचा आवाज लॅपटॉपच्या मानाने खरोखर भरदार आहे. पण त्याची किंमतही तशीच आहे. ऑफिसचं साधं काम असेल तर फक्त स्पीकरसाठी तिथवर जाण्यात अर्थ नाही.

ऑडिओच्या स्टिकरला किती महत्त्व द्यायचं?

डॉल्बी ॲटमॉस किंवा डीटीएस असं लिहिलेलं असलं की त्या लॅपटॉपमध्ये आवाजावर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर आहे, एवढं समजावं. त्याने संवाद ठळक होतात, सिनेमाचा आवाज पसरल्यासारखा वाटतो. हे उपयोगी आहेच. पण त्यामुळे स्पीकरचा आकार वाढत नाही. शास्त्रीय गाणं किंवा जुनी रेकॉर्डिंग ऐकताना बऱ्याच जणांना ही प्रक्रिया बंद केल्यावरच आवाज जास्त नैसर्गिक वाटतो.

स्टिकरपेक्षा स्पीकर कुठे बसवलेत ते बघा. कीबोर्डच्या दोन्ही बाजूंना वर तोंड करून असतील तर उत्तम. तळाला असतील तर टेबलावर ठीक वाजतात, पण गादीवर किंवा मांडीवर लॅपटॉप ठेवला की आवाज दबतो. दुकानात लॅपटॉप उचलून, खाली हात धरून बघितलं की लगेच कळतं.

कामासाठी किमान काय हवं?

एक्सेल, ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब, ईमेल आणि व्हिडिओ मीटिंग हे ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांनी एवढं बघावं:

- रॅम: १६ जीबी घ्या. ८ जीबी असेल तर पुढे वाढवता येते का ते आधीच विचारा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, नंतर काही करता येत नाही.
- स्टोरेज: ५१२ जीबीची एसएसडी.
- स्क्रीन: आयपीएस पॅनल, फुल एचडी किंवा जास्त, आणि ३०० निट्सच्या आसपास उजेड. खिडकीशेजारी बसून काम करत असाल तर यात काटकसर नको.
- कीबोर्ड: दुकानात उभ्याउभ्या दोन ओळी टाइप करून बघाच. रोज आठ तास हात तिथेच असणार आहेत.

प्रोसेसरच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. इंटेल आणि एएमडी दोघांच्याही बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरच्या नावात शेवटी एखादं अक्षर असतं. 'यू' असेल तर तो कमी वीज घेणारा. 'एच' असेल तर तो जास्त ताकदीचा, पण जास्त वीज खाणारा आणि जास्त तापणारा. ऑफिसच्या कामाला 'यू' पुरतो, आणि गाण्यांसाठी तर तोच बरा. का, ते पुढे बघू.

फॅनच्या आवाजाचा विचार कोणी करत नाही

लॅपटॉप तापला की फॅन फिरतो. दिवसा ऑफिसच्या गडबडीत तो जाणवत नाही. रात्री घर शांत झाल्यावर आलाप सुरू असताना मात्र तोच फॅन समोर येऊन बसतो. गेमिंगसाठी बनवलेले लॅपटॉप या कामाला बहुतेकदा गैरसोयीचे ठरतात ते यामुळेच.

कमी वीज घेणारा प्रोसेसर असेल तर गाणी वाजवण्याइतक्या हलक्या कामात फॅन बहुतेक वेळ बंदच राहतो. २०२० साली आलेल्या एम१ मॅकबुक एअरपासून पुढच्या मॅकबुक एअरमध्ये फॅनच नाही. विंडोज लॅपटॉप असेल तर रात्री पॉवर मोड 'बॅटरी बचत' किंवा कंपनीच्या ॲपमध्ये 'शांत' असा ठेवा, बराच फरक पडतो.

हेडफोन जॅक आहे ना?

हा प्रश्न विचारायला संकोचू नका. काही महागड्या पातळ लॅपटॉपमधून ३.५ मिलिमीटरचा जॅक काढून टाकलेला आहे. २०२२ च्या डेल एक्सपीएस १३ प्लसमध्ये तो नव्हता. जॅक असेल तर साधे, ३२ ओहमच्या आसपासचे हेडफोन त्यावर व्यवस्थित चालतात. २५०-३०० ओहमचे स्टुडिओ हेडफोन लावले तर मात्र बऱ्याच लॅपटॉपवर आवाज मोठा करूनही पुरत नाही.

कधी कधी जॅकमधून बारीक 'सूंऽ' असा आवाज येतो, माउस हलवला की त्यात खरखर मिसळते. मदरबोर्डवरच्या इतर भागांची वीज आवाजात मिसळल्याने असं होतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे यूएसबी डॅक. डॅक म्हणजे आकड्यांच्या रूपातलं गाणं प्रत्यक्ष आवाजाच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग. तो प्रत्येक लॅपटॉपमध्ये असतोच, पण बाहेरून लावलेला डॅक त्या गर्दीपासून लांब असतो. टाइप-सी पोर्टला लावायचा बोटाएवढा डॅक हजार-दोन हजारांत मिळतो आणि पुढचा लॅपटॉप घेतलात तरी वापरता येतो.

मीटिंगनंतर ब्लूटूथ हेडफोनचा आवाज का बिघडतो?

घरून काम करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. गाणी छान वाजत असतात, मीटिंग सुरू होते आणि सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो.

यात हेडफोनचा दोष नाही. नेहमीचं ब्लूटूथ दोन वेगळ्या पद्धतींनी चालतं. एका पद्धतीत फक्त ऐकायचं असतं, तिथे स्टिरिओ आणि चांगला दर्जा मिळतो. दुसरी पद्धत बोलण्यासाठी आहे. हेडफोनचा माइक सुरू झाला की लॅपटॉप या दुसऱ्या पद्धतीवर जातो, आणि मग आवाज मोनो आणि अरुंद होतो. जुन्या उपकरणांवर ४ हजार हर्ट्झच्या वरचं काहीच पोचत नाही, नव्यांवर ८ हजारांपर्यंत पोचतं.

उपाय फुकटचा आहे. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून हेडफोनऐवजी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. ऐकायला हेडफोन, बोलायला लॅपटॉप. मीटिंग संपली की ते ॲप पूर्ण बंद करा, कारण ते मागे माइक धरून बसलं तर गाणीही तशीच वाजतात. म्हणूनच लॅपटॉप घेताना त्याचा माइक चांगला आहे का हेही तपासा. एलई ऑडिओ हे नवीन ब्लूटूथ तंत्र ही अडचण दूर करतं, पण त्यासाठी लॅपटॉप, विंडोज आणि हेडफोन तिन्हींमध्ये ती सोय असावी लागते.

चार्जर लावला की गुणगुण येते?

स्पीकर तारेने जोडलेत, चार्जर लावला आणि मागे बारीक घरघर सुरू झाली, तर लॅपटॉप बदलून आणायच्या आधी घरची वायरिंग बघा. आपल्याकडे अनेक घरांत अर्थिंग नीट नसतं. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर हलकी झिणझिणी येत असेल, तर तेही त्याचंच लक्षण. चार्जर काढून बॅटरीवर ऐका. घरघर थांबली तर कारण सापडलं.

लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डवर लावून बघा, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. घरघर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, ती जिवासाठी असते.

'हाय-रेझ' गाण्यांसाठी वेगळा लॅपटॉप लागतो का?

नाही. सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. त्यात माणसाला ऐकू येणारी २० हजार हर्ट्झपर्यंतची सगळी कंपनं मावतात, आणि आजचा कोणताही लॅपटॉप ते सहज वाजवतो. सीडीच्या दर्जाचं एक तासाचं संगीत साधारण ६३५ एमबी होतं. तेच एफएलएसी स्वरूपात, दर्जा न घालवता, ३०० ते ४०० एमबीत बसतं. म्हणजे ३०० तासांचा संग्रह केला तरी सव्वाशे जीबीच्या आत. ५१२ जीबी पुरेसं आहे.

पैसे कसे वाटायचे?

समजा तुमच्याकडे ६०,००० रुपये आहेत. सगळे लॅपटॉपमध्ये घालू नका. ५०-५२ हजारांत कामाला चोख असा लॅपटॉप बघा. उरलेल्या ८-१० हजारांत चांगले तारेचे हेडफोन आणि डॅक घ्या. घरात सगळे मिळून ऐकत असतील तर हेडफोनऐवजी टेबलावरचे, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेले दोन स्पीकर घ्या. लॅपटॉप चार-पाच वर्षांत जुना होतो. चांगले स्पीकर त्याच्या पुढच्या लॅपटॉपलाही साथ देतात.

दुकानातली दहा मिनिटं

1. तुमच्या ओळखीचं एक गाणं आणि तुमचे हेडफोन बरोबर न्या. तंबोरा आणि विलंबित तबला असलेलं रेकॉर्डिंग सगळ्यात चांगलं.
2. दुकानातलं गाणं बंद करायला सांगा. आवाज निम्म्यावर ठेवून ऐका, पूर्ण मोठा करून नाही.
3. जॅकला हेडफोन लावा, गाणं थांबवा, माउस हलवा. खरखर येते का ते बघा.
4. चार्जर लावून हेच पुन्हा करा.
5. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडा आणि फॅन किती लवकर सुरू होतो ते ऐका.
6. माइकवर दोन वाक्यं रेकॉर्ड करून परत ऐका.

माझा तो स्टिकरवाला लॅपटॉप अजून चालतो. नंतर त्याला एक डॅक आणि दोन साधे स्पीकर जोडले, दोन्ही मिळून त्या जादा आठ हजारांपेक्षा कमी पैशांत. पहिल्या संध्याकाळी बाबा काही बोलले नाहीत. समेवर हात मात्र बरोबर पडत होता.