फोटो डी ड्राइव्हला टाकले म्हणजे सेफ झाले? विचुंब्यापासून समजून घ्या

नवीन पनवेलमधून गाढी नदी ओलांडली की विचुंबे लागतं. एकेकाळी भातशेतीचं गाव, आज जिकडे बघाल तिकडे इमारती. सिडकोच्या 'नैना' क्षेत्रात येणारं हे गाव नवी मुंबई विमानतळापासूनही फार लांब नाही. अशा गावांत कौलारू घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली की जुनं घर उरतं फक्त फोटोत. अंगणातलं तुळशीवृंदावन, शेतातली लावणी, पडवीत बसलेली आजी, सगळं कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये 'न्यू फोल्डर ३' नावाच्या फोल्डरमध्ये पडलेलं असतं.

आणि तो कॉम्प्युटर कुठे असतो? टेबलाखाली, फरशीवर.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, त्या दिवशी पनवेलमध्येही पाणी घुसलं होतं. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूणमध्ये घरंच्या घरं पाण्याखाली गेली. फ्रीज, टीव्ही, सोफा पुन्हा घेता येतो. फोटोंचं तसं नसतं.

आता बरेच जण म्हणतील, आमचे फोटो सेफ आहेत, आम्ही डी ड्राइव्हला कॉपी करून ठेवलेत. घोळ नेमका इथेच आहे.

सी आणि डी या बहुतेक घरच्या कॉम्प्युटरमध्ये दोन वेगळ्या वस्तू नसतातच. हार्डडिस्क एकच असते, तिचे दोन भाग पाडलेले असतात. एकाच कपाटाचे दोन कप्पे समजा. डी ड्राइव्हचा फायदा एवढाच की कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारला तर विंडोज असलेला सी ड्राइव्ह साफ होतो आणि डी सहसा वाचतो. डेस्कटॉपवर आणि 'पिक्चर्स'मध्ये ठेवलेले फोटो सी ड्राइव्हमध्येच असतात, त्यामुळे 'डेस्कटॉपवर होते, गेले' ही रडकथा घरोघरी ऐकू येते. पण डिस्कच बंद पडली, किंवा तिच्यात पाणी शिरलं, तर सी काय आणि डी काय, दोन्ही एकदमच जातात.

मग गुगल फोटोज आहे की! आहे, पण १ जून २०२१ पासून तिथली फुकटची अमर्याद जागा बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. दुसरी गोष्ट म्हणजे ते सिंक आहे. बॅकअप झालेला फोटो फोनमधल्या गुगल फोटोजमधून डिलीट केला तर तो क्लाउडवरूनही जातो. ६० दिवस बिनमध्ये राहतो, नंतर कायमचा गेला. शिवाय दोन वर्षं अकाउंटला हातच लावला नाही तर गुगल ते अकाउंट डिलीट करू शकतं. वडिलांच्या नावाने काढलेलं आणि नंतर कुणीच न उघडलेलं अकाउंट असेल तर आजच एकदा लॉगिन करून बघा.

यावर जगभर वापरला जाणारा एक साधा नियम आहे, अमेरिकी फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी तो लोकप्रिय केला: ३-२-१. फोटोंच्या तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक कॉपी घराबाहेर.

ही शेवटची अट किती मोलाची आहे ते पुण्यात दिसलं होतं. ८ जानेवारी २००३ ला एफटीआयआयच्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली. नायट्रेट फिल्म इतकी ज्वालाग्राही की वाचवायला वेळच मिळत नाही. प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ फिल्मही त्यात गेल्या. तरीही १९३६ चा 'संत तुकाराम' आज बघता येतो, कारण कॉप्या आधीच काढलेल्या होत्या.

घरासाठी एवढा थाट नको. एक टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क पुरते. मोबाइलचा फोटो साधारण ३ ते ४ एमबीचा धरला तर तिच्यात अडीच लाखांच्या आसपास फोटो मावतात. पेनड्राइव्ह मात्र नेआण करायला ठीक, वर्षानुवर्षं साठवायला नाही. आणि लग्नाची सीडी-डीव्हीडी कपाटात असेल तर ती आधी कॉपी करून घ्या. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह येतच नाही, आणि डिस्कवर बुरशी चढली की ती वाचली जात नाही.

आता राहिला पसारा. इथे बहुतेक लोक पहिल्याच दिवशी डुप्लिकेट फोटो उडवायला बसतात. असं करू नका. आधी सगळं आहे तसं एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा, मग आवरायला घ्या. आवरताना चुकून काही उडालं तरी मूळ शाबूत राहतं.

फोल्डरचं नाव वर्षापासून सुरू करा: '२०१९-०९ गणपती', '२०२२-०५ ताईचं लग्न'. नाव मराठीत चालतं, आकडे तेवढे इंग्रजी ठेवा. वर्ष आधी, मग दोन अंकी महिना, असं लिहिलं की कॉम्प्युटर आपोआप काळाच्या क्रमाने फोल्डर लावतो. माणसांच्या नावाने फोल्डर करायच्या फंदात पडू नका. एका फोटोत चार जण असतात, तो ठेवणार कुणाच्या फोल्डरमध्ये?

तारीख ओळखायची कशी? कॅमेरा किंवा मोबाइल फोटो काढतानाच तारीख आणि वेळ त्या फाइलच्या आत लिहून ठेवतो. याला एक्झिफ म्हणतात. विंडोजमध्ये ती 'डेट टेकन' म्हणून दिसते. 'डेट मॉडिफाइड' किंवा 'डेट क्रिएटेड'वर जाऊ नका, ती फाइल कॉपी-एडिट करताना बदलते. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी काढली की घड्याळ मागे जायचं, म्हणून काही फोटो १ जानेवारी २००० चे निघतील. त्याला इलाज नाही, अंदाजाने लावा.

व्हॉट्सअॅपची गोष्टच वेगळी. तिथून फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि आतली तारीखही जाते. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात जे आठ आकडे दिसतात, ते फोटो तुमच्या फोनमध्ये आल्याच्या दिवसाचे असतात. म्हणजे २०१० च्या बारशाचा फोटो काकांनी काल पाठवला तर नावावर तारीख कालची. घरातले महत्त्वाचे फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगायचं, मूळ फाइल जशीच्या तशी येते.

एक काम मात्र कुठलंही सॉफ्टवेअर करून देणार नाही. जुन्या फोटोत डावीकडून तिसरी बाई कोण, हे फक्त आजीला माहीत असतं. फोटो स्क्रीनवर लावायचे, तिला शेजारी बसवायचं आणि ती सांगेल ते त्याच फोल्डरमध्ये साध्या नोटपॅड फाइलमध्ये लिहायचं. नावं, नातं, गाव, जमलं तर साल. हे काम हार्डडिस्क घ्यायच्याही आधी करायला हरकत नाही. डिस्क दुकानात कधीही मिळते.

घराबाहेरची कॉपी ठेवायची कुठे, याचं उत्तर कोकणातल्या माणसाला अवघड नाही. दोन डिस्क घ्यायच्या. एक विचुंब्यात, तीही टेबलाखाली नाही, माळ्यावर. दुसरी गावाला, नातेवाइकाच्या कपाटात, पण तेही घर नदीकाठचं नको. गणपतीला जाताना घरची ताजी डिस्क न्यायची, गावची परत आणायची, वर्षभराचे फोटो तिच्यात भरायचे. डिस्क वर्षातून एकदा चालू करून बघणंही त्यात आपोआप होतं. फक्त एसटीच्या गर्दीत ती कपड्यांच्या घडीत गुंडाळा, मोदकाच्या डब्याखाली नको.