चालत्या सर्व्हरला क्षणभर थांबवताना

समजा, सांगोल्यात डाळिंबाचा लिलाव जोरात चालू आहे. आडत्याच्या दुकानात शेतकऱ्यांच्या पट्ट्या एकामागून एक तयार होताहेत आणि हिशेब भाड्याच्या आभासी सर्व्हरवर साठतोय. नेमका तेव्हाच त्या डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची हुबेहूब प्रत, घेतला तर? क्रेट आणि वजन डिस्कवर पोचलं, रक्कम अजून मेमरीतच आहे. प्रतीत अर्धीच पट्टी उतरते. अचानक वीज गेल्यावर डिस्कची जी अवस्था होते, तीच ही.

म्हणून आधी फाइल सिस्टिम गोठवतात. लिनक्सच्या आभासी यंत्रात त्यासाठी 'क्यूईएमयू गेस्ट एजंट' हा छोटा प्रोग्रॅम बसवता येतो. बाहेरून हुकूम आला की तो मेमरीत अडकलेला मजकूर डिस्कवर उतरवून घेतो आणि नवं लेखन रोखतो. स्नॅपशॉट झाला की लगेच वाट मोकळी. विंडोजमध्ये हे काम व्हीएसएस ही तिचीच अंगभूत सेवा करते. तिथे लेखन फार तर १० सेकंद रोखलं जातं.

पण फाइल सिस्टिम थांबली म्हणजे डेटाबेसमधला व्यवहार पुरा झाला, असं नाही. डेटाबेसलाही आधी सावध करावं लागतं. त्यासाठी एजंटला स्क्रिप्ट जोडता येते.

आणि घेतलेली प्रत अधूनमधून उघडून पाहाच. त्या नोंदींत कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा पैसा असतो.