खाणीतून जे उरते



1956 साली नागपूरची राजधानी गेली आणि सचिवालयाच्या फायलींबरोबर अनेक मराठी कुटुंबे भोपाळला आली. त्या फेररचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. नागपूर आणि भंडारा पलीकडे गेले. मात्र या तीन जिल्ह्यांच्या जमिनीखालचा मँगनीजचा पट्टा काही कोणाला वाटून घेता आला नाही. 1962 साली स्थापन झालेली, नागपूरला मुख्यालय असलेली ‘मॉइल’ ही सरकारी कंपनी आजही या तिन्ही जिल्ह्यांत खाणी चालवते.

मँगनीज लागते कशाला? मुख्यतः पोलादाला. गंधकामुळे पोलाद ठिसूळ होते. मँगनीज त्या गंधकाला बांधून ठेवते आणि पोलादाला बळकटीही देते. म्हणजे जितके पूल आणि रूळ वाढतील, तितकी याची मागणी वाढणार. टॉर्चच्या सेलमधल्या काळ्या पुडीतही मँगनीजच असते. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग येथे विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार होतो. आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या काही बॅटऱ्यांनाही हेच मूलद्रव्य हवे आहे.

मागणी वाढली की खाण खोल जाते. बालाघाटजवळची भरवेली खाण अशीच वर्षानुवर्षे खोल होत गेली. जमिनीखाली खनिज काढल्यावर पोकळीत वाळू भरावी लागते, नाहीतर वरचा खडक खचतो. उघड्या खाणीत अडचण वेगळी असते: खनिजापर्यंत पोचण्यासाठी त्याच्या कितीतरी पट दगडमाती बाजूला काढावी लागते. तिचे डोंगर उभे राहतात आणि त्यांवर गवतही उगवत नाही.

नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेतील शास्त्रज्ञांनी सावनेर तालुक्यातल्या गुमगाव खाणीवर यावर उपाय करून दाखवला. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर जो गाळ उरतो, तो त्यांनी या ढिगाऱ्यांत मिसळला. हवेतला नत्र धरून ठेवणारे जिवाणू आणि मुळांना साथ देणारी बुरशी रोपांना दिली. उजाड ढिगाऱ्यावर झाडे उभी राहिली. एका उद्योगाचा टाकाऊ माल दुसऱ्याच्या टाकाऊ मालाला कामी आला. देवास जिल्ह्यातल्या टेकड्यांवर मॉइलच्या पवनचक्क्याही फिरत आहेत. पण वीज कुठूनही आली, तरी ढिगारा आपोआप नाहीसा होत नाही.

हे भोपाळकरांना वेगळे सांगायला नको. 1984 च्या डिसेंबरातील त्या रात्रीनंतर युनियन कार्बाइडचा कारखाना बंद पडला, पण आवारातला विषारी कचरा तिथेच राहिला. त्यातला 337 टन कचरा पीथमपूरला हलवायला जानेवारी 2025 उजाडला. त्या वर्षी तो जाळण्यात आला. चाळीस वर्षे गेली, तेवढ्यात एक पिढी म्हातारी झाली. जमिनीत आणि भूजलात मुरलेले विष तर ट्रकमध्ये भरून नेता येत नाही.

नवे यंत्र आणले किंवा उत्पादन वाढवले, एवढ्याने उद्योग काळाबरोबर चालू लागला असे होत नाही. मागे काय उरणार आणि त्याचा खर्च कोण करणार, हे पहिल्या दिवशीच्या अंदाजपत्रकात लिहिलेले असावे लागते. पुढच्या वेळी नव्या खाणीची किंवा कारखान्याची बातमी वाचाल, तेव्हा किती रोजगार मिळणार हे जरूर पाहा. पण ही दुसरी नोंदही शोधा. ती सापडली नाही, तर विचारा.