कपाटातला सर्व्हर

'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य आपण बँकेत, पोस्टात, तहसील कचेरीत ऐकतो. त्यामुळे सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी थंड खोलीत ठेवलेले अवाढव्य यंत्र, असा आपला समज होतो. खरे तर सर्व्हर हे यंत्राचे नाव नसून कामाचे नाव आहे. ग्रंथपाल चिठ्ठी घेतो आणि पुस्तक काढून देतो. तसेच, दुसऱ्या संगणकाने मागितलेली माहिती जो संगणक पुरवतो तो सर्व्हर. मग असा ग्रंथपाल आपल्याच घरी किंवा शाळेत का बसवू नये?

रोहा तालुक्यातल्या कोलाडसारख्या गावी हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. रायगड जिल्ह्यातल्या अनेक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही बरेच दिवस बंद राहिले. करोनामुळे शाळा आधीच बंद होत्या, अभ्यास फोनवरून व्हायचा होता आणि फोनच मुके झाले. धडे, चित्रे, विश्वकोश गावातल्याच एखाद्या यंत्रात असतील, तर मनोरा पडला तरी ते मिळू शकतात. याच जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट इथल्या छोट्या शाळेत २००७ साली मुलांना दिलेले लॅपटॉप इंटरनेटशिवायही बिनतारी पद्धतीने एकमेकांशी जोडले जात. कल्पना तीच आहे. आता ती बरीच स्वस्त झाली आहे.

रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा, एकाच पाटीवर सर्व भाग बसवलेला संगणक २०१२ साली केंब्रिजमध्ये तयार झाला. त्याची वंशावळ शिक्षकांना रंजक वाटेल. १९८४ साली 'क्लास' योजनेखाली भारतातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले होते. ते बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीनेच पुढे १९८५ मध्ये 'आर्म' ही कमी विजेवर चालणारी प्रक्रियक-रचना घडवली. आजच्या पायमध्ये आणि आपल्या मोबाइलमध्ये त्याच घराण्यातला प्रक्रियक असतो.

कमी वीज म्हणजे किती? समजा, पाय सरासरी ५ वॅट घेतो. महिनाभर अखंड चालला तर ५ × २४ × ३० = ३६०० वॅट-तास, म्हणजे ३.६ युनिट. १०० वॅटचा जुना संगणक तेवढ्याच वेळात ७२ युनिट घेईल. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा साठते. बॅटरी निम्मीच वापरली आणि रूपांतरातली घट धरली, तरी सुमारे सात तास मिळतात. शाळेचा दिवस निभावतो.

मांडणी सोपी आहे. मेमरी कार्डावर लिनक्स प्रणाली चढवावी. त्यावर किविक्ससारखा मोफत प्रोग्राम ठेवला, की मराठी विकिपीडियाची आधी उतरवून घेतलेली प्रत इंटरनेटशिवाय वाचता येते. २०१६ पासूनच्या मुख्य आवृत्त्यांत वाय-फाय अंगचेच असते; पण वर्गभर मुलांसाठी वेगळा राउटर बरा. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायम करून ठेवावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. नाहीतर ग्रंथपाल रोज वेगळ्या खिडकीत बसेल! १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती जाळ्यांसाठी राखीव आहेत. बाहेरच्या जगातून ते थेट गाठता येत नाहीत. तरीही संकेतशब्द चांगला ठेवावा आणि बाहेरून आत यायची वाट विनाकारण उघडू नये.

खरा शत्रू आहे अचानक जाणारी वीज. मेमरी कार्डात एखादी ओळ बदलायची झाली, तरी सहसा पेशींचा मोठा गठ्ठा पुसून पुन्हा भरावा लागतो. हे चालू असताना वीज गेली तर गठ्ठा अर्धवट राहतो. तो नेमका फायलींच्या सूचीचा असेल, तर पुस्तके जागेवर असूनही ग्रंथपालाला सापडत नाहीत. म्हणून मध्ये बॅटरी हवीच, बंद करताना रीतसर आज्ञा द्यावी, आणि सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या कार्डावर काढून कोरड्या डब्यात ठेवावी. कोकणच्या दमट हवेत हे विशेष महत्त्वाचे.

विद्यार्थ्यांसाठी एक गणित: राउटर १० वॅट घेत असेल, तर वरची बॅटरी दोन्ही यंत्रे किती वेळ चालवील? आणि आभाळ भरलेले असताना २० वॅटची सौर पाटी दिवसाला किती वॅट-तास देते, हे जुलैत प्रत्यक्ष मोजून पाहा. पुढच्या वादळात शाळेचे ग्रंथालय उघडे राहील की नाही, हे त्या आकड्यांवरूनच ठरेल.