खोक्यावरचे वॅट आणि हॉलमधला आवाज

होम थिएटरचा रिसीव्हर बघायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा वॅट सांगतो. तो आकडा सहजी मानू नये. एकच चॅनल चालवून, 6 ओहमवर, 10 टक्के विकृती खपवून घेत मोजलं की मामुली यंत्राचेही भरघोस वॅट दिसतात. बारीक अक्षरांत 8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, असं लिहिलेला आकडा त्यातल्या त्यात खरा. तो बराच लहान असतो, पण त्याने खट्टू व्हायचं कारण नाही. वॅट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो अवघा 3 डेसिबल.

पैसे मोजायचे ते वेळेच्या हिशोबासाठी. 5.1 म्हणजे समोर तीन स्पीकर, बाजूला किंवा किंचित मागे दोन आणि खर्जासाठी सबवूफर. 1992च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटलने ही मांडणी चित्रपटगृहांत नेली. तिथे जागा ऐसपैस. आपल्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला, समोरचा स्पीकर 3 मीटरवर आणि सराउंड जेमतेम मीटरभर. सराउंडचा आवाज कानावर सुमारे 6 मिलिसेकंद आधी येतो. रिसीव्हर त्याला तेवढं थोपवून धरतो.

हे अंतर तो माइकने मोजतो. खोक्याच्या तळाशी पिशवीत असतो तो. अनेक घरांत अजून तिथेच असेल. पंखा बंद करायचा, कुकर उतरवून ठेवायचा, माइक कानाच्या उंचीवर स्टँडला लावायचा. मग एकेका स्पीकरमधून चिवचिवाट होतो. जागा बदलून पाच-सहा वेळा तेच. शेवटी रिसीव्हरने सबवूफर प्रत्यक्षापेक्षा लांब दाखवला, तर टेप घेऊन आकडा ‘सुधारायला’ जाऊ नये: सबवूफरच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळही त्यात धरलेला असतो. मात्र लहान स्पीकरना त्याने ‘लार्ज’ ठरवलं असेल तर बेलाशक ‘स्मॉल’ करावं आणि क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवावा. त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो आणि रिसीव्हरचाही भार हलका होतो.

संवाद पुटपुटल्यासारखे वाटतात, ही घरोघरची तक्रार. सगळा आवाज वाढवण्याऐवजी मधला स्पीकर 2-3 डेसिबलने चढवून बघावा. रात्री शेजाऱ्यांसाठी नाइट मोड आहेच. जुने मोनो मराठी चित्रपट सराउंड मोडमध्ये बहुतेक मधल्या स्पीकरमधूनच ऐकू येतात. तो स्पीकर किरकोळ असेल तर सरळ स्टीरिओ लावावा.

डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या अ‍ॅटमॉससाठी छतात भोकं पाडायला घरमालकाची परवानगी लागते, तेव्हा भाड्याच्या घरात तो विषय तूर्त बाजूला. टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे आणायला एचडीएमआयचं ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं सॉकेटच वापरावं. एवढं करूनही रिसीव्हरच्या पट्टीवर ‘स्टीरिओ’च झळकत असेल, तर टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर अडकलेलं असण्याची शक्यता दाट. ते ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करावं.