खडी दिसू द्या

पावसाळा लागला की कचेऱ्या, रुग्णालयं, न्यायालयं यांच्या दाराशी गोणपाटं अंथरली जातात आणि फरशी निसरडी असल्याच्या पाट्या उभ्या राहतात. झिलईचा ग्रॅनाइट उघड्यावर बसवायचा आणि वर्षातले चार महिने तो झाकून ठेवायचा, असा हा कारभार. फाटकापासून पायऱ्यांपर्यंतच्या वाटेसाठी त्याहून चांगली गोष्ट शंभर वर्षांपासून माहीत आहे: वरचा सिमेंटचा थर धुऊन काढून आतली खडी मुद्दाम उघडी ठेवलेलं काँक्रीट. त्याकडे सहसा सुशोभीकरण म्हणून पाहिलं जातं आणि पैसे कमी पडले की पहिल्यांदा तेच वगळलं जातं. पण शोभा हा त्याचा दुय्यम गुण आहे. वर्दळीच्या, पावसात भिजणाऱ्या वाटेला जे टिकाऊपण आणि जी पकड लागते, ती खडी उघडी केल्यानेच मिळते.

काँक्रीटच्या आकारमानातला साधारण ६० ते ७५ टक्के भाग खडी आणि वाळूचा असतो. उरलेली जागा भरून या सगळ्यांना धरून ठेवणारा सिमेंटचा लगदा हा त्यातला तुलनेने कमजोर घटक. ओतलेल्या मालात जड खडी खाली बसू पाहते आणि पाणी वर येतं. त्यामुळे नेमक्या वरच्या काही मिलिमीटरमध्ये पाणी जास्त होतं आणि तिथला लगदा सच्छिद्र, ठिसूळ राहतो. त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून थापीने घोटलं की पृष्ठभाग त्या दिवशी देखणा दिसतो, पण पुढे तोच थर पोपडे धरतो आणि झाडू मारला की पांढरी भुकटी उडते. म्हणजे आपण चालतो ते काँक्रीटच्या सर्वांत दुबळ्या भागावर. हा थर काढून टाकला, तर झीज सोसायला दगड पुढे येतो. पकडीचं गणितही असंच आहे. ओल्या गुळगुळीत फरशीवर तळवा आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा तयार होतो आणि पाय सरकतो. खड्यांच्या मधल्या खाचांतून पाणी बाजूला सरतं, तळव्याला दगड लागतो.

हे तंत्र कलाकुसरीच्या पातळीवर नेलं ते अमेरिकेतल्या जॉन अर्ली या कारागिराने. वॉशिंग्टनमधलं मेरिडियन हिल पार्क इटालियन उद्यानांच्या धर्तीवर बांधायचं होतं, पण घडीव दगड परवडणारा नव्हता. अर्लीने पोटोमॅक नदीतले गोटे वापरले, साचे लवकर काढले आणि काँक्रीट पुरतं कठीण होण्याआधी तारेच्या ब्रशने घासून गोटे उघडे केले. त्याची खरी युक्ती होती मिश्रणात. लहान-मोठे सगळे आकार घालण्याऐवजी त्याने मधले आकार वगळले. मग मोठे खडे एकमेकांना जवळजवळ भिडून बसतात, फटींत बारीक वाळू जाते आणि पृष्ठभागावर सिमेंटपेक्षा दगडच जास्त दिसतो. १९३६ मध्ये पूर्ण झालेलं ते उद्यान आजही वापरात आहे. साध्या खड्यांतून सार्वजनिक जागेला प्रतिष्ठा देता येते, हे त्याने दाखवलं.

आज तारेच्या ब्रशऐवजी रसायनाची मदत घेतात आणि ते बरेचदा साखरेच्या कुळातलं असतं. सिमेंटच्या वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आसपास साखर मालात गेली तरी तो तासन्‌तास आवळत नाही. साखरेचे रेणू नव्याने जमू पाहणाऱ्या स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखतात. (चुन्याच्या बांधकामात गूळ घालणाऱ्या आपल्या गवंड्यांचा अनुभव उलटा होता, कारण चुन्याचं रसायन वेगळं.) असं द्रावण ताज्या काँक्रीटवर फक्त वरून फवारलं, तर खालचा सगळा भाग घट्ट होतो आणि वरचे दोन-तीन मिलिमीटर मऊ राहतात. दुसऱ्या दिवशी पाण्याचा फवारा आणि ताठ ब्रश यांनी तेवढाच थर निघून येतो. वेळ मात्र साधावी लागते: घाई केली तर खडेच निखळतात, उशीर केला तर लगदा सुटत नाही. विदर्भातल्या एप्रिलमध्ये आणि कोकणातल्या डिसेंबरात ही वेळ एकच असणार नाही.

आक्षेप आहेत आणि त्यांतला व्हीलचेअरचा सर्वांत गंभीर आहे. खडबडीत वाटेवर चाकांना हादरे बसतात, पांढऱ्या काठीलाही खुणेच्या फरशा वेगळ्या ओळखू येत नाहीत. त्याला उत्तर म्हणजे संयम: खडी १० मिलिमीटरच्या आतली, उघडा भाग दोन-तीन मिलिमीटरच, आणि खुणेच्या पट्ट्यालगत दोन्ही बाजूंना सपाट पट्टी. खडे निखळतात ही तक्रारही खरी आहे, पण ती बहुतेकदा वरून खडे पसरून नीट न दाबलेल्या कामाची असते. खड्याचा दोन तृतीयांश भाग लगद्यात रुतलेला असला तर तो सहसा सुटत नाही. घाण अडकते, हेही मान्य. शेवाळ इथेही धरतं आणि पावसाळ्यात वाट घासावीच लागते. चकचकीत सीलरचा जाड थर मात्र देऊच नये, नाहीतर निसरडेपणा पुन्हा विकत घेतल्यासारखं होईल.

दगडाची निवड हा आपल्याकडचा वेगळा प्रश्न. अर्लीसारखे नदीतले गोटे उपसण्याचा मार्ग आज धरू नये. नद्यांचं पुष्कळ नुकसान झालं आहे. संगमरवराची चीप स्वस्त आणि पांढरी, पण मोहस् मापावर तिची कठीणता ३, तर क्वार्ट्झची ७. संगमरवर वर्दळीत झिजतो आणि आम्लाने धुतला तर विरघळतो. दख्खनचा काळा बेसाल्ट मुबलक आणि चिवट आहे, फक्त तो उन्हात तापतो. म्हणून त्यात फिकट क्वार्ट्झ मिसळावं. निविदेत दराबरोबर एक चौरस मीटरचा नमुना मागावा, तो भिजवून, त्यावर चालून, चाक फिरवून मग मंजूर करावा. आणि धुण्याचं पाणी कुठे जाणार तेही लिहून घ्यावं: त्याचा सामू १२ च्या आसपास असतो, ते तसंच बागेत किंवा नाल्यात सोडता येत नाही, खड्ड्यात निवळू देऊन आधी उदासीन करावं लागतं.