'ॲनिमल फार्म' कानांनी वाचताना

बेळगावात आमच्या घरी रेडिओ माजघरातल्या फळीवर असे. सांगली केंद्र लावले की मराठी, काटा जरा सरकवला की धारवाडचे कन्नड. नभोनाट्य सुरू व्हायच्या आधी आई फोडण्या उरकून घेई, कारण फोडणीच्या आवाजात एखादे वाक्य बुडाले तर ते कायमचे गेले. पुस्तकाचे तसे नसते. पान मागे उलटून पुन्हा वाचता येते. हा फरक साधा वाटतो, पण एका कादंबरीच्या बाबतीत त्याने सारा अर्थच बदलतो. ती कादंबरी म्हणजे जॉर्ज ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म'.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. शेतावरची जनावरे मालकाला हाकलून देतात, सर्वांसाठी सात नियम कोठाराच्या भिंतीवर रंगवतात, आणि मग डुकरे हळूहळू त्या मालकाच्या जागी जाऊन बसतात. पुस्तक ऑगस्ट १९४५मध्ये निघाले. १४ जानेवारी १९४७ रोजी बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर त्याचे नभोनाट्य झाले. निर्माते होते रेनर हेपनस्टॉल, आणि संहिता खुद्द ऑर्वेलची होती.

ऑर्वेल या माध्यमाला नवखा नव्हता. १९४१ ते १९४३ अशी दोन वर्षे त्याने बीबीसीच्या पूर्वेकडील विभागात हिंदुस्थानसाठीच्या कार्यक्रमांवर काम केले होते. तिथे तो इंग्रजीत लिहीत असलेल्या युद्धवार्तापत्रांची भाषांतरे गुजराती, बंगाली, तमिळ यांबरोबर मराठीतही होत. 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी पुढे ज्यांनी लिहिली त्या वेणू चितळे त्याच विभागात त्याच्याबरोबर काम करत होत्या. म्हणजे ऑर्वेलचे शब्द आपल्या भाषेत हवेवरून आले ते 'ॲनिमल फार्म'च्याही आधी, आणि तेही सरकारी प्रचाराच्या कामातून. ती नोकरी त्याने १९४३च्या नोव्हेंबरात सोडली आणि लगोलग हे पुस्तक लिहायला घेतले. त्यातला स्क्वीलर, नेपोलियनच्या प्रत्येक कृतीचे गोड समर्थन करणारा तो डुक्कर, मला म्हणूनच केवळ रशियाचा वाटत नाही. मायक्रोफोनसमोर बसून रोज बातम्या घडवल्याचा अनुभव त्यामागे असावा. हा माझा तर्क आहे, तसाच तो घ्यावा.

२०१३च्या जानेवारीत बीबीसी रेडिओ फोरने ऑर्वेलचीच संहिता वापरून पूर्ण पात्रसंचात नवे नभोनाट्य केले. निवेदन टॅम्सिन ग्रेग यांचे, नेपोलियन निकी हेन्सन, स्क्वीलर टोबी जोन्स, आणि बॉक्सर हा घोडा राल्फ आयनेसन. ते मी थोरल्या अक्काबरोबर ऐकले. तिने पुस्तक वाचलेले नव्हते.

आपल्याला कीर्तनाची सवय आहे. एकच बुवा राजा होतो, राणी होतो, दारावरचा शिपाईही होतो, आणि मध्येच स्वतः होऊन आपल्याशी बोलतो. पुस्तकाचे जाहीर वाचन त्याच जातीचे. पात्रे वाटून दिली की मात्र पहिला प्रश्न निवेदकाचा येतो, त्याला ठेवायचे की काढायचे? नाट्य करणाऱ्यांना तो नको असतो. पण 'ॲनिमल फार्म'मध्ये उपहास राहतो तो निवेदकाच्या आवाजात. तो कधी चिडत नाही, कुणाला लबाड म्हणत नाही. भयंकर गोष्ट तो पीकपाण्याची बातमी सांगावी तशी सांगतो. प्रक्षेपणानंतर ऑर्वेलने हेपनस्टॉलना लिहिलेल्या पत्रात हाच मुद्दा आहे. निवेदक काढला तर काय चालले आहे हे कळवण्यासाठी नाना खुळचट युक्त्या कराव्या लागतात, त्यापेक्षा निवेदनच ऐकण्याजोगे करावे. त्यासाठी मात्र गद्य नीट लिहावे लागते आणि नटांनी पदरची भर घालायची नसते, असे त्याचे म्हणणे. आमच्याकडच्या कित्येक श्रुतिका आठवून मला हे पटले. "अरे, हा बघ दाराशी कोण आलंय, हातात पिशवीसुद्धा आहे!" असली वाक्ये आपण किती ऐकली आहेत.

आता ती भिंत. डुकरे घरात राहायला जातात, बिछान्यात झोपू लागतात. क्लोव्हर या घोडीला वाटते की असे करण्याविरुद्ध नियम होता. तिला अक्षरे जोडता येत नाहीत, म्हणून ती म्युरिएल शेळीला भिंत वाचायला सांगते. नियम निघतो, पण त्याला चादरींची एक पुस्ती जोडलेली असते. पुस्तक वाचणारा इथे दुसऱ्या प्रकरणाकडे जातो, मूळ नियम पाहतो आणि गालात हसतो. त्याला पुरावा मिळालेला असतो. ऐकणाऱ्याला तो मिळत नाही.

अक्का त्या जागी ताठ बसली. "आधी असं नव्हतं की रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "का होतं? मीच विसरले असेन." मी कपाटातले पुस्तक काढायला उठलो तर तिने हाताने खाली बसवले आणि पुढचे ऐकू लागली. क्लोव्हरच्या मनात जे होते तेच शब्दाशब्दाने तिच्या तोंडून आले होते. वाचक शेताच्या कुंपणाबाहेर उभा राहून जनावरांना हसतो. श्रोता त्या जनावरांतच असतो, त्यांच्याइतक्याच भरवशाच्या स्मरणशक्तीनिशी. आता बटण दाबून मागे जाता येते हे खरे. १९४७मध्ये तेही नव्हते.

या कादंबरीत अक्षरशत्रूंना कुणीतरी वाचून दाखवते असे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात, आणि ते कानाला आयतेच मिळतात. बॉक्सरला नेणाऱ्या गाडीवर काय लिहिले आहे ते बेंजामिन गाढव मोठ्याने वाचतो, तेव्हाच बाकीच्यांना कळते की ती दवाखान्याची गाडी नव्हे, खाटकाची आहे. त्यानंतर आतून खुरांचे धक्के ऐकू येतात, कमी होतात, थांबतात. मेंढ्यांच्या घोषणेचेही तसेच. छापील पानावर ती घोषणा एक ओळ असते. कानाशी आली की ती खरोखरच दुसऱ्याचे बोलणे बुडवते. स्क्वीलरचे समर्थन संपताना कुत्री गुरगुरली की युक्तिवादात काय कमी होते ते वेगळे सांगावे लागत नाही.

एका ठिकाणी मात्र नभोनाट्य लंगडते, आणि नेमके शेवटी. खिडकीबाहेरची जनावरे आत पत्ते खेळणाऱ्या डुकरांचे आणि माणसांचे चेहरे पाहतात, त्यांना फरक सांगता येत नाही. पण आपण तर पहिल्यापासून डुकरांना माणसांच्याच आवाजात ऐकत आलो आहोत! सोंड आपण पाहिलेलीच नाही. तिथे निवेदिकेवाचून गत्यंतर नाही.

१९४७चे प्रक्षेपण ऑर्वेलने लंडनच्या कॅननबरी स्क्वेअरमधल्या घरी काही मंडळींबरोबर ऐकले. त्यांतल्या ह्यू गॉर्डन पोर्टियस यांनी पुस्तक वाचले नव्हते, तरी काही मिनिटांतच त्यांना सारे उमगले, याचे त्याला समाधान वाटले. आपले लेखन बिघडवले गेल्याची चुटपुटही त्याच पत्रात आहे.

कथेचा कणा, त्याच्या मते, दूध आणि सफरचंदे डुकरांनी स्वतःकडे ठेवली तिथे आहे. बाकीच्यांनी त्याच वेळी पाय रोवले असते तर पुढचे टळले असते, असे त्याने एका मित्राला लिहिले होते. पुस्तकात ती जागा झटकन निघून जाते. म्हणून नभोनाट्यात त्याने तिथे चार छोटे संवाद मुद्दाम घातले. क्लोव्हर विचारते हे न्याय्य आहे का, मॉली आणि म्युरिएल आश्चर्य करतात, आणि एक गाय म्हणते की सगळ्यांना सारखे वाटणार होते ना. हेपनस्टॉलनी ते संवाद कापले. निर्मात्याची बाजू मी समजू शकतो, वेळ मोजका असतो. पण कापायला नेमकी हीच जागा सापडावी!

मी हे अक्काला सांगितले, चारही संवाद वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे गाय बोलली होती तर."